बाहेरची प्रत

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६ वाजून ५० मिनिटे.
टेकडीवर आहे. चौथ्या कपारीसमोर पालथा पडलो आहे, डावा कोपर ओल्या शेवाळात, वही दगडावर. एकही पाल नाही. ५ जानेवारीला याच कपारीत नऊ होत्या. टॉर्च घालून पाहिले. पुन्हा पाहिले.
बाई मागून म्हणाल्या, "थंडी आहे, मुनीम. उशिरा उठल्या असतील."
थंडी ५ जानेवारीला जास्त होती. वहीत तापमान लिहिलेले आहे.

संध्याकाळी ७. घरी.
चौदाही कपारी झाल्या. एकूण पाच. गेल्या मोजणीत त्रेसष्ट.
बाईंनी एका वर्षात ही टेकडी आणि तिच्या पायथ्याचे ओढ्याचे रान मिळून आठशे अकरा जातींचे फोटो काढले. झाडे, बेडूक, कोळी, बुरशी, सगळे. पण त्यातल्या आठशे दहा कुठे ना कुठे दुसरीकडेही सापडतात. निळ्या शेपटीची ही बोटाएवढी पाल मात्र जगात फक्त या चौदा कपारींत आहे. म्हणून कागदावर सगळी टेकडी तिच्या शेपटीला लटकली आहे. २४ तारखेला सरकारी समिती येणार. पाली डोळ्यांनी दिसल्या तर टेकडी खाणीच्या नकाशातून बाहेर. नाही दिसल्या तर सुरुंग.
आई म्हणाली, "एवढं काय तोंड पाडून बसायचं? आपल्या न्हाणीघरात तीन आहेत, त्या घेऊन जा!"
हसलो नाही. जेवलोही नाही धड.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७:१५.
पुन्हा गेलो. तीन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १:३०, ऑफिसात.
अक्षर नीट काढायचा प्रयत्न करतो.
सकाळी टेकडीचे रखवालदार मामा मला बाजूला घेऊन गेले. पंधरा दिवसांपूर्वी दोन तरुण आले होते म्हणे. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशव्या. विद्यार्थी आहोत, अभ्यास करायचा आहे. मामांनी त्यांना दोन दिवस वर जाऊ दिले. वहीत नोंद केली नाही.
"का केली नाही, मामा?"
"ते मला सर म्हणाले रे," मामा म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला सर म्हटलं. दोनदा म्हणाले. मग त्यांच्याकडे सह्या काय मागायच्या!"
त्यांच्याकडे रंगाऱ्याचे बारीक ब्रश होते आणि झाकणाला भोके पाडलेले प्लास्टिकचे डबे. मामांना वाटले, खाऊचे डबे आहेत. वाफ जायला भोके पाडली असतील.
मग मामांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. काल नवव्या कपारीत सापडला म्हणाले. त्यावर फक्त दोन आकडे छापलेले. अक्षांश, रेखांश. दशांश चिन्हापुढे सहा-सहा अंक.
मी ते आकडे ओळखले.
मनात शंकेची पाल चुकचुकली, असे लिहिणार होतो. आज ते लिहवत नाही.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.
ऑफिसातले सगळे गेल्यावर लिहितो आहे. सगळे म्हणजे बाईच.
बाईंचा एकच नियम आहे. मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी तो मला तीनदा म्हणायला लावला. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती. घरची आणि बाहेरची. घरच्या प्रतीच्या पोटात, म्हणजे फाइलीतल्या लपलेल्या माहितीत, जागेचे आकडे असतात. बाहेरच्या प्रतीत तालुक्याचेही नाव नाही. वेबसाइटवर फक्त बाहेरची जाते. "जंगलातला नवा प्राणी दाखवायचा, पत्ता नाही द्यायचा," बाई म्हणाल्या होत्या. "दुर्मीळ म्हटलं की पहिला माणूस जो येतो तो शास्त्रज्ञ नसतो. गिऱ्हाईक असतो."
मी शाळा नववीत सोडली. पासपोर्टचे फोटो काढायच्या दुकानात सहा वर्षे काढली. बाईंनी मला घेतले ते माझी दुकानातली वही बघून. म्हणाल्या, असा मुनीम मला हवा आहे.
कागदावरचे आकडे माझ्या आकड्यांपैकी आहेत. कोणत्या फोटोचे, ते उद्या बघतो. आज धीर नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ५:४० ते ९:२०.
वेबसाइटवर दोनशे बारा फोटो आहेत. एकेक उघडून त्याचे पोट तपासले. १ ते १४६, काही नाही.
१४७ मध्ये आहे.
पुढचेही सगळे तपासले. बाकी एकातही नाही. दोनशे बारांत एक.
कसे झाले तेही सापडले. ९ ऑक्टोबरला मला १४७ च्या खाली वेळ चुकलेली दिसली. 'सकाळी ६:४०' लिहिले होते, फोटो संध्याकाळचा होता. सावली उलटी पडली होती. इतर कोणाच्या लक्षातही आले नसते! मी घरच्या प्रतीत वेळ दुरुस्त केली, आणि तीच चढवली. बाहेरची नव्याने काढायची राहिली. त्या दिवशीच्या वहीत लिहिले आहे: '१४७ — वेळ दुरुस्त केली.' खाली समाधानाची रेघ ओढली आहे. दुहेरी.
फोटो आता काढून टाकला. चार महिने होता. एकतीस जणांनी उतरवून घेतल्याचे दिसते.
बाईंना सांगितले नाही. सोमवारी सांगतो.

८ फेब्रुवारी, रविवार.
ताई आणि भाऊजी जेवायला आले. ताईला सातवा महिना. भाऊजींना आठ महिने काम नाही. आज खुशीत होते. खाणवाल्यांचे पत्र आले आहे, परवानगी मिळाली की डंपरवर घेऊ.
"काय पालीवाले, किती उरल्या?" आल्या आल्या.
"मोजतो आहे."
"जपून मोज बाबा. तू एक जास्त मोजलीस तर माझ्या पोटावर पाय!"
ताई म्हणाली, "अहो, गप्प बसा ना."
"मस्करी करतोय गं. त्याच्या पालींचं आणि माझं काही वाकडं आहे का? मला डंपर टेकडीवर चालव म्हणाले तर टेकडीवर चालवीन, समुद्रात चालव म्हणाले तर समुद्रात."
मग मला हळूच विचारले, "खरंच कमी झाल्यात का रे?" चेहरा पडला होता त्यांचा. त्यांना आनंद होईल असे वाटले होते. तसे काही दिसले नाही. याचेच मला जास्त वाईट वाटले.

९ फेब्रुवारी, सोमवार.
सांगितले नाही. बाई फोनवर होत्या. मग पुन्हा फोनवर होत्या.

११ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५.
बाईंना मामांकडून त्या दोघांचे कळले. मामा स्वतः जाऊन सांगून आले. कागदही दिला.
बाई ओरडल्या नाहीत. त्या कधी ओरडत नाहीत. कागद टेबलावर सपाट केला, वर चष्म्याचे घर ठेवले. म्हणाल्या, "परदेशात एकेका पालीला मोटरसायकलची किंमत येते. जोडीला जास्त." मग खिडकीबाहेर पाहिले. बाहेर फक्त दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे.
"तुला कपाट दाखवलंय का मी माझं?" त्यांनी विचारले.
दाखवले होते. पत्र्याचे कपाट, सत्तावीस खोके, प्रत्येकावर एका जंगलाचे नाव.
"त्यातली चौदा जंगलं आता कपाटातच आहेत," बाई म्हणाल्या. "बाहेर नाहीत. वाचवायला म्हणून गेले होते सगळीकडे. मी गेले की सहा-सात वर्षांत आटोपतं. पायगुण म्हण."
मी म्हणालो, "तसं नसतं, बाई."
"मग कसं असतं?"
त्या वेळी सांगायचे होते. तोंड उघडलेही.
तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हे आकडे मामांनीच दिले असणार. त्यांच्या वहीत पहिल्या पानावर आहेत, मीच लिहून दिले होते. वाट चुकू नये म्हणून."
मी तोंड मिटले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
बाईंनी मामांना कामावरून काढले. हजेरीवहीत त्यांच्या ओळीवर मी रेघ मारली. पट्टी लावून मारली, सरळ आली.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
मामांच्या वहीतले आकडे पाहिले. त्यात दशांशापुढे चारच अंक आहेत. कागदावर सहा. म्हणजे मामांनी दिलेले नाहीत, हे त्या दोन कागदांवरूनच दिसते. बाईंनी शेजारी ठेवून पाहिले असते तर त्यांनाही दिसले असते. त्या असे बारीक बघत नाहीत. त्यासाठी मी आहे.
वही कपाटात ठेवली. कुलूप लावले. लावले का ते पाहायला परत गेलो. लावले होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८.
बाई रोज पहाटे वर जातात, मी मागून. त्यांचा गुडघा दुखतो, चढताना उजव्या बाजूने आवाज येतो. आज पाचव्या कपारीत एक दिसली. शेपूट तुटलेली. नुसती पाल, करडी. शेपूट नसेल तर ती कोणतीही पाल असू शकते. शेपूट परत यायला महिने लागतात, आणि आली तरी निळी येते की नाही कोणास ठाऊक.
बाईंनी तिचा फोटो काढला नाही. नुसत्या बघत बसल्या. म्हणाल्या, "तूच राहिलीस होय गं?"
खाली उतरताना ओढ्याच्या रानात शंभर-दीडशे पांढरी फुलपाखरे चिखलावर बसली होती. वर धनेश पक्ष्यांची जोडी. सगळे जागच्या जागी. त्यांना माहीतच नाही की त्यांचा वकील पळवून नेला आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
समिती आली. तीन माणसे. मुख्य साहेब विरळ केसांचे, सभ्य, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः धरणारे. खाणीचा इंजिनिअर बरोबर. सकाळी ६:०५ ते ९:४०, चौदा कपारी. शेपूटतुटकी दिसली नाही.
साहेब म्हणाले, "उद्या पुन्हा बघू. घाई नाही."

२५ फेब्रुवारी, बुधवार.
नाही.
दहाव्या कपारीपाशी इंजिनिअर म्हणाला, "बाई, राग मानू नका. हे फोटो याच टेकडीवरचे कशावरून? काचेच्या पेटीत दगड ठेवूनही असे फोटो निघतात. तुम्ही जगभर फिरता."
बाई फक्त हसल्या. मी त्यांना पंधरा महिन्यांत असे हसताना पाहिले नव्हते. पुन्हा पाहायचे नाही.
साहेब म्हणाले, "प्रश्न विचारला गेलाय म्हटल्यावर उत्तर द्यावं लागेल. ९ मार्चला सुनावणी आहे. फोटो इथलेच आहेत असं दाखवा. मूळ फाइली आणा."
"आणते," बाई म्हणाल्या.
"आणा, पण त्या तुमच्याच ताब्यात होत्या," इंजिनिअर म्हणाला. "जागेचे आकडे नंतरही भरता येतात ना?"
येतात. मीच भरतो.

१ मार्च, रविवार.
ताईला बघायला गेलो. भाऊजी दारात बसून जुन्या बुटांना शिलाई मारत होते. "अपशकुन्या, ये बस," म्हणाले. प्रेमाने म्हणाले. पाणी दिले. खाणवाल्यांनी त्यांना हेल्मेट आधीच दिले आहे. ते खिळ्याला टांगलेले होते. पिवळे. मी त्याच्याकडे बघतो आहे हे बघून त्यांनी त्यावर टॉवेल टाकला.

४ मार्च, बुधवार. पहाटे ५.
झोप नाही. एक गोष्ट आठवली आणि उठून बसलो.
१९ नोव्हेंबर, आवक क्रमांक ३४. टेकडी खाणीतून वगळा या आमच्या अर्जाला खाणीने दिलेले उत्तर. त्यात पान १२ वर त्यांनी आमचाच फोटो छापला होता, 'अर्जदाराच्या वेबसाइटवरून' असे लिहून. सोबत एक सीडी. एक सीडी आम्हाला, दुसरी सरकारी फाइलीत, सीलबंद. नोंद मीच केली.
पान १२ वरचा फोटो कोणता?

सकाळी ८:१०, ऑफिसात.
१४७.
खाली 'संध्याकाळी ६:४०' आहे. म्हणजे दुरुस्त केलेला. म्हणजे घरची प्रत!
आमची सीडी उघडली. पोटात आकडे आहेत. सहा अंक.
म्हणजे नोव्हेंबरपासून सरकारी कपाटात सीलबंद पडलेल्या सीडीत, खाणवाल्यांनी स्वतः दिलेल्या, आम्ही हात न लावलेल्या फाइलीत या टेकडीचा पत्ता आहे. याहून पक्का पुरावा कोणीच देऊ शकत नाही.
आणि तो दाखवायचा म्हणजे तो तिथे कसा गेला हेही सांगायचे.

५, ६, ७ मार्च.
काही लिहीत नाही. तीन दिवस बाईंसमोर बसलो आहे. मूळ फाइलींचे गठ्ठे करतो आहे, त्यांना क्रमांक देतो आहे. ते कोणी मानणार नाही हे मला माहीत आहे.

९ मार्च, सोमवार. दुपारी ३:४५. बसस्टॉपवर.
सुनावणी ११ ला होती, १२:२० ला सुरू झाली. लांब टेबल, एक पंखा आवाज करणारा. बाईंनी मूळ फाइली दाखवल्या. इंजिनिअर म्हणाला, आकडे नंतर भरले असतील. साहेब बाईंना म्हणाले, "याखेरीज काही आहे?"
बाई म्हणाल्या, "नाही."
मी उभा राहिलो. खुर्ची पडली. उचलून ठेवली.
म्हणालो, "साहेब, खाणीच्या उत्तराबरोबरची सीडी उघडा. फोटो १४७. त्यांनी आमच्या वेबसाइटवरून घेतलेला. नोव्हेंबरपासून तुमच्याकडे आहे. त्याच्या माहितीत जागेचे आकडे आहेत. ते असायला नको होते. माझ्या हातून राहिले. ९ ऑक्टोबरला."
कारकुनाने सील फोडले. कॉम्प्युटर सुरू व्हायला सहा मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांत मी बाईंकडे पाहिले नाही. मग कारकुनाने आकडे मोठ्याने वाचले. मी मनातल्या मनात त्याच्या आधी म्हणत होतो. साहेबांनी नकाशावर बोट ठेवले. नववी कपार.
इंजिनिअर म्हणाला, "ठीक आहे. माझा आक्षेप मी मागे घेतो."
मला वाटले, झाले! एक क्षण खरेच वाटले.
साहेबांनी लिहून घेतले. चष्मा काढला. "फोटो याच टेकडीवरचा आहे, मान्य. म्हणजे पाली इथे होत्या." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "आणि आता आहेत का?"
मी म्हणालो, "एक आहे. शेपूट नाही."
"फोटो?"
"काढला नाही."
त्यांनी मान हलवली. तेही लिहून घेतले. वाईट माणूस नाही तो. असता तर बरे झाले असते.
जिन्यात बाई थांबल्या. कठड्याला धरून.
"कधीपासून माहीत होतं?"
"सात फेब्रुवारी."
"मामांना काढलं बारा तारखेला."
"हो."
"रेघ तूच मारलीस."
"हो."
बाई दोन पायऱ्या उतरल्या. गुडघा वाजला. म्हणाल्या, "माझ्याशी नंतर बोल. आधी मामांकडे जा."
बस अजून आली नाही.

१० मार्च, मंगळवार.
मामा अंगणात सायकलची चेन साफ करत होते. सगळे सांगितले. तारखांसकट. ते ऐकत राहिले, चेनची एकेक कडी पुसत. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "झालं?"
"झालं."
"मला नको सांगू. मी चोर नाही हे मला ठाऊक आहे. आत पोरगी बसलीय, महिनाभर माझ्याशी धड बोललेली नाही. शेजाऱ्यांनी तिच्या कानात भरलंय, तुझ्या बापाने पाली विकल्या. तिला सांग."
आत गेलो. सोळा-सतरा वर्षांची असेल. पुस्तक उघडे होते. पुन्हा सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग तेव्हाच का नाही बोललात?"
तिचा प्रश्न वहीत तसाच उतरवला आहे.
निघताना मामा म्हणाले, "ती पोरं मला सर म्हणाली, ते खरं होतं की कामापुरतं, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." हे ते कोणाला म्हणाले, कळले नाही.

११ मार्च, बुधवार.
बाईंनी मामांना परत बोलावले. स्वतः गेल्या. ते आले नाहीत. म्हणाले, राखायला काय उरलंय?
मला मात्र त्यांनी काढलेले नाही. विचारायची हिंमत नाही.

२० मार्च, शुक्रवार. सकाळी ११.
आदेश आला. सात पाने. आवक क्रमांक ५२. 'सदर प्रजातीचा पूर्वी आढळ होता हे सिद्ध झाले आहे. सद्यःस्थितीत आढळ दिसून येत नाही.' परवानगी दिली आहे.
'सद्यःस्थितीत' मध्ये विसर्ग घातला आहे. शब्दकोशात पाहिले, बरोबर आहे. एवढे काळजीपूर्वक लिहिले आहे त्यांनी.
संध्याकाळी भाऊजी आले नाहीत. ताईचा फोन आला. "ते म्हणतात, आज तुझ्यासमोर कसं यायचं." मी म्हणालो, या म्हणावं. आई म्हणाली, "बाळ येतंय घरात. पगार सुरू होईल हे चांगलंच झालं." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी जमतात.

२ एप्रिल, गुरुवार.
बाई सामान बांधत आहेत. पुढची जागा एक दलदल आहे, सात तास विमान, दोन दिवस बोट. तिथे नुकताच एक बेडूक सापडला आहे. अठ्ठाविसावे खोके मी तयार केले: या टेकडीचे. चिकटपट्टी लावताना त्या म्हणाल्या, "नाव नको लिहूस. नुसता क्रमांक घाल."
"आता काय फरक पडतो, बाई?"
"सवय लागू दे."
मला नेत नाहीत. मी विचारले नव्हते. म्हणाल्या, "तुझ्याइतकं नीट काम करणारं माणूस मला भेटलं नाही. चूक सगळ्यांकडून होते रे. मी जंगलं हरवलीत, माणसं नाही. महिनाभर तू मामांना..." ऑफिस महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे. बिले चुकती करायची, फोन बंद करायचा, चावी मालकाला.

६ एप्रिल, सोमवार. सकाळी १०:०५.
पहिला सुरुंग. ऑफिसच्या काचा हलल्या. उत्तरेकडची बाजू, म्हणजे कपार एक ते चार. दुचाकी दुरुस्तीवाला रस्त्यावर येऊन बघत राहिला, मग आत गेला.

७ एप्रिल, मंगळवार. दुपारी १:५०.
बंद करायच्या फोनवर फोन आला. दूरच्या बंदरावरून, प्राण्यांच्या डॉक्टरबाई. परदेशी निघालेले एक खोके पकडले आहे, रंगाऱ्याच्या डब्यांचे म्हणून लिहिलेले. आत बावन्न पाली. दोन महिने कुठेतरी कोंडून ठेवलेल्या. वेबसाइटवरचे फोटो बघून त्यांनी ओळखल्या. जिवंत अकरा. त्यातल्या दोघींच्या पोटात अंडी.
"परत सोडायच्या तर त्यांचीच जागा हवी," त्या म्हणाल्या. "आहे ना ती अजून?"
मी म्हणालो, आहे. न बघता म्हणालो!
बाईंना फोन लागत नाही, बोटीवर असतील. साहेबांच्या ऑफिसात निरोप ठेवला, कारकून म्हणाला चारनंतर. मग भाऊजींना केला. पाठीमागे इंजिनचा आवाज. विचारले, पाचव्या कपारीकडे गाडी गेली का? म्हणाले, अजून नाही, तीन वाजता माझीच पाळी आहे. मी म्हणालो, भाऊजी, आजच्या दिवस गाडी बंद ठेवा.
"काय सांगू मुकादमाला?"
"काहीही सांगा. बिघडली म्हणा."
इंजिनचा आवाज. मग तोही थांबला.
"चावी हरवली म्हणतो," भाऊजी म्हणाले.